धर्म बदलला, मग घर कधी बदलले?
रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे जीवन



तुमच्यापैकी पुष्कळांची घरे ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ या पट्ट्यात आहेत. कोणी कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी नगरपालिकेत नोकरी केली. काहींच्या घरी दीक्षेला दोन पिढ्या झाल्या, तर काहींनी ती अलीकडेच घेतली. दीक्षा अलीकडची असलेल्या घरात एक प्रश्न हटकून उभा राहतो. विहारात गेलो, त्रिसरण-पंचशील घेतले, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखाच चहा झाला आणि नेहमीचीच लोकल पकडली. मग बदलले ते काय? देव्हारा काढला, पण म्हातारीने देवाचा एक टाक हळूच पेटीत ठेवून दिला. मुलीला स्थळ आले तेव्हा पोटजात विचारायची नाही असे ठरले होते, तरी कोणीतरी हळूच विचारलीच. नवरा सभेत बोलतो आणि बायकोला घरी कोणी काही समजावून सांगत नाही. असे झाले की मनाला टोचणी लागते. आपण खरोखर धर्मांतर केले, की नुसते नाव बदलले?

ही टोचणी केवळ तुम्हालाच लागलेली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या याच भागात वाढलेल्या एका माणसाने धर्म बदलला आणि त्याच्या घराला या प्रश्नातून फार कष्टाने जावे लागले. त्याने स्वीकारलेला धर्म ख्रिस्ताचा होता. आपला मार्ग निराळा आहे. पण श्रद्धा बदलल्यावर रोजचे जगणे कसे बदलते, आणि कुठे बदलायला नकार देते, हे समजून घ्यायचे असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या जीवनाकडे डोळे उघडे ठेवून पाहा. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकातून ते तुम्हाला माहीत आहेत. आज त्यांच्या कवितेपेक्षा त्यांच्या घराविषयी बोलू.

कल्याणचा मुलगा

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव कडक, नव्हे कठोरच होता. आई जानकीबाई मात्र भाविक आणि मायाळू होती. १८६९ ते १८७३ ही चार वर्षे नारायण कल्याणच्या प्राथमिक शाळेत शिकला. मुंबईहून निघालेली आगगाडी कल्याणला पोहोचली ती १८५४ साली, म्हणजे हा मुलगा शाळेत गेला तेव्हा रूळ पडून पंधरा वर्षे झाली होती. रेल्वेबरोबर नवे विचार गावात येत होते, तरी आळीतल्या विहिरीवरची शिवाशीव जागची हललेली नव्हती. डॉक्टर आनंदीबाई जोशी या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली यमुना त्याच काळात त्याच कल्याणात लहानाची मोठी होत होती.

आईच्या मायेखाली हा मुलगा वाढला, आणि लहानपणीच आई गेली. वडिलांशी पटत नव्हते. घर सुटले आणि मुलगा नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे तो संस्कृत शिकला, पुढे थोडे इंग्रजीही शिकला. शाळा मात्र पुरी झाली नाही. बुद्धी तीव्र, स्मरणशक्ती दांडगी, वाणी रसाळ, पण चित्त एका जागी ठरेना. कधी शाळामास्तर, कधी पुराणिक, कधी छापखान्यात खिळे जुळवणारा, अशी गावोगाव भटकंती सुरू झाली.

१८८० साली त्यांचे लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी झाले. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. माहेरचे नाव मनू, सासरचे लक्ष्मी. तिच्या माहेरी सोवळ्याचा कहर होता. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कथा या सोवळ्याभोवती फिरते. मुलीला लिहिता-वाचता येत नव्हते. टिळकांनीच तिला अक्षरे शिकवली.

धर्माचा शोध

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला होते. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे भाषांतर करीत आणि 'ऋषी' नावाचे मासिक चालवीत. तेथे त्यांचे विचार पक्के होत गेले. जातिभेदाने देश पोखरला आहे, मूर्तीपुढे डोके टेकून माणूस मोठा होत नाही, आणि जो धर्म माणसामाणसांत भिंती घालतो तो धर्म टिकवण्यात अर्थ नाही, असे त्यांना वाटू लागले. आदर्श धर्म कसा असावा याची तत्त्वेही त्यांनी स्वतःशी मांडून ठेवली. सर्व माणसे एका पित्याची लेकरे आणि म्हणून परस्परांची भावंडे, हे त्यांतले प्रमुख तत्त्व होते.

१८९३ साली ते नोकरीसाठी राजनांदगावकडे आगगाडीने निघाले. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांनी त्याकडे लक्ष दिले नाही, पण पुस्तक वाचले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. आपण ज्या धर्माची तत्त्वे कागदावर मांडत होतो तो येथे माणसाच्या रूपाने चालता-बोलता आहे, असे त्यांना वाटले. पुढे ते सांगत की मी ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो. म्हणजे त्यांचे मन उपऱ्यासारखे परक्या देशात गेले नव्हते. आपल्याच मातीतल्या संतवाणीचे बोट धरून ते गेले होते.

आता येथे एक चूक झाली. ती चूक मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्याकडेही होते. मनातली एवढी मोठी उलथापालथ त्यांनी बायकोपासून लपवून ठेवली. त्यांचे वाचन, त्यांचा पत्रव्यवहार, त्यांचा निर्णय यांत लक्ष्मीबाईंना वाटा नव्हता.

एक दिवसाचे धर्मांतर, पाच वर्षांची ताटातूट

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. दत्तू हा त्यांचा मुलगा चारेक वर्षांचा होता. बातमी घरी पोहोचली आणि आकाश कोसळले. नवरा जिवंत, पण घराच्या दृष्टीने मेलेला. कुंकू लावावे तर ते कोणाच्या नावाने? पोरगा कोणाचा म्हणायचा? लक्ष्मीबाई जिवाचे बरेवाईट करतील या भीतीने घरच्यांनी त्यांच्यावर नजर ठेवली. पुढे त्या पंढरपूरला बहिणीच्या आधाराने राहिल्या.

त्या काळी १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतर केलेल्या माणसाला त्याचा जोडीदार त्या कारणाने सोडून राहिला, तर कोर्टात जाऊन विवाह मोडून घेण्याची वाट त्या कायद्याने मोकळी केली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी कोर्टकचेरी केली नाही, दुसरा संसार थाटला नाही, मुलाला ओढून नेले नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. नव्या श्रद्धेचा पहिला कस येथे लागला. माणसावर प्रेम करा असे सांगणारा धर्म स्वीकारायचा, आणि सर्वांत जवळच्या माणसावर जबरदस्ती करायची, हे टिळकांना जमले नाही.

पण हेही विसरू नका की वाट पाहण्याची किंमत लक्ष्मीबाईंनी जास्त मोजली. टिळकांभोवती नवे मित्र होते, काम होते, मान होता. लक्ष्मीबाईंना मात्र लोकांची बोलणी ऐकत, परक्याच्या घरात, लहान मूल घेऊन दिवस काढावे लागले. सुमारे पाच वर्षांनी त्यांनी आपल्या पायांनी निर्णय घेतला आणि दत्तूला घेऊन त्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, नवऱ्याजवळ आल्या.

पाण्याचा प्रश्न

त्या आल्या, तरी ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण, असे एकाच कुटुंबाचे दोन भाग झाले. टिळकांनी त्यावरही जोर केला नाही.

नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज कोणाचा होता हे तुम्हाला ठाऊक असेल. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे १८३१ पासून चालले होते, आणि खेड्यापाड्यांतून बाप्तिस्मा घेतलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. टिळकांच्या घरी येणारे-जाणारे, त्यांच्याजवळ शिकणारे, त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसणारे हेच लोक. त्यांच्या हातचे पाणी प्यायचे की नाही, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या घरात रोज सकाळी उभा राहत होता. धर्मशास्त्राचा कुठलाही वाद यापुढे फिका होता.

पुढे हे कुटुंब राहुरीला राहिले. तेथे एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात विचार आला की जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांत आणि पक्ष्यांत जसा फरक डोळ्यांना दिसतो, तसा माणसामाणसांतही दिसला असता. तसा तो दिसत नाही. तेव्हा हा खेळ माणसाचाच. त्यांनी त्या दिवसापासून ठरवले की कोणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे. हा विचार त्यांना कोणी व्याख्यानातून सांगितला नव्हता. स्वतःच्या डोक्याने त्या तेथवर पोहोचल्या होत्या.

सुत्तनिपातातले वासेट्ठ सुत्त ज्यांनी ऐकले असेल त्यांना येथे आश्चर्य वाटेल. जन्माने ब्राह्मण की कर्माने, असा वाद घेऊन आलेल्या दोन तरुणांना तथागतांनी हाच दाखला दिला होता. गवत, किडे, मासे, पक्षी यांच्या जातींच्या खुणा शरीरावर असतात, माणसांत तशी वेगळी खूण सापडत नाही. लक्ष्मीबाईंच्या हाती ते सुत्त नव्हते. पण प्रामाणिकपणे विचार करणारी एक अल्पशिक्षित बाई आपल्या स्वयंपाकघरात त्याच ठिकाणी येऊन पोहोचली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडण्याआधीच दुसऱ्याच्या हातचे पाणी त्यांनी स्वीकारले होते. माझ्या मते टिळकांचे घर बदलले ते येथे.

आणि घर बदलले म्हणजे काय झाले? त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला होता, प्लेगही फिरत होता. आईबाप गमावलेली पोरे टिळकांच्या घरात आली आणि लक्ष्मीबाईंनी त्यांचे सारे केले. बाजारातली वस्तूसुद्धा धुऊन घेणाऱ्या घरातली मुलगी आता कोणत्या जातीचे पोर आहे हे न विचारता त्याला जेवू घालीत होती. पुढे नगरच्या त्यांच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, येऊन राहिले. हा ब्राह्मण तरुण त्या ख्रिस्ती घरात मुलासारखा राहिला आणि शेवटपर्यंत आपल्याच धर्मात राहिला. या घराने त्याच्यावर माया केली आणि त्याबदल्यात बाप्तिस्मा मागितला नाही.

धर्मसेवा कोणत्या भाषेत करायची?

टिळकांनी नगरला धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवले, पुढे त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड टिळक झाले. १८४२ पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले. पण धर्मसेवा म्हणजे पद आणि पगार, हे त्यांना कधीच पटले नाही.

त्यांची तक्रार दोन बाजूंनी होती. एक, ख्रिस्ती झालेला माणूस साहेबासारखा का वागतो? धर्म बदलला म्हणून भाषा, वेष, नाव, गाणे सगळे उसने का घ्यायचे? देवळात इंग्रजी चालीची भाषांतरित गीते गाणाऱ्या खेडूत माणसाच्या हृदयाला ती गीते भिडत नाहीत, हे त्यांनी पाहिले. म्हणून त्यांनी अभंग आणि भजने रचली, टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचे कीर्तन केले, ओवीत 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले. त्यांची पुष्कळ गीते 'उपासना संगीत' या संग्रहात आहेत आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून ती आजही गायिली जातात.

दुसरी तक्रार अवलंबून राहण्याविषयी होती. मिशनच्या पैशावर चाललेला समाज मिशनच्या तोंडाकडेच पाहणार. हिंदी ख्रिस्ती माणसाने आपला पाळक आपण पोसावा, आपले काम आपण चालवावे, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्याच्या खर्चाने मिळालेला स्वाभिमान टिकत नाही, हे त्यांना कळले होते.

येथे खरे ते बोलले पाहिजे. एक ब्राह्मण ख्रिस्ती झाला तेव्हा त्याचा गाजावाजा झाला, त्याची चरित्रे लिहिली गेली. त्याच्या आधी आणि त्याच्या बरोबरीने ज्या हजारो महार-मांगांनी नगर भागात तोच धर्म घेतला, त्यांचा मार त्यांनीच सोसला आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आणि जाती चर्चमध्येही शिरल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदी ख्रिस्ती समाजाविषयी लिहिताना हेच दोष दाखवले. धर्म बदलला, पण जात सोबत आली आणि समाजासाठी झगडण्याची वृत्ती आली नाही, असे त्यांचे परीक्षण होते. मे १९३६ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या अस्पृश्यांची परिषद याच कल्याणला भरली आणि बाबासाहेबांनी तेथे धर्मांतराची भूमिका समजावून सांगितली. त्यापुढे वीस वर्षे त्यांनी विचार केला. इतरांच्या धर्मांतराचा अनुभव त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

पगार सोडला

१९१७ साली टिळकांनी शेवटचे पाऊल उचलले. त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' नावाची मंडळी स्थापन केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात प्रवेश होता. ख्रिस्तावर श्रद्धा आहे ना, मग बाकीच्या भिंती कशाला, असा त्यांचा विचार होता. साताऱ्याला त्यांनी आश्रमाची मांडणी केली. अनेक ख्रिस्ती लोकांना हे रुचले नाही. घरात तर अडचणच झाली. टिळकांच्या हातात पैसा तसाही टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा, आणि संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंनी करायची. आता तर ठरलेला पगारही गेला. त्यागाचा मोठेपणा नवऱ्याच्या नावावर जमा झाला, पण त्याचा खर्च बायकोच्या खात्यावर पडला. चरित्र वाचताना हे नजरेआड करू नये.

दरबाराचे काम फार दिवस चालायचे नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. 'ख्रिस्तायन'चे सुरुवातीचे अध्यायच लिहून झाले होते. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरओळख करून दिली होती, तिने पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहून ते काव्य पुरे केले. १९३४ पासून तिच्या 'स्मृतिचित्रे' या आठवणी पुस्तकरूपाने येऊ लागल्या. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्यांची गणना होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. टिळकांच्या घरात काय घडले हे आज आपल्याला कळते ते मुख्यतः या बाईच्या लेखणीमुळे.

आपल्या घरासाठी

बंधू-भगिनींनो, या चरित्रातून आपण काय घ्यायचे?

टिळक आणि आपण यांत मोठा फरक आहे. टिळकांना धर्मांतरासाठी वरची पायरी सोडावी लागली. आपल्या वाडवडिलांना पायरीवर उभेच राहू दिले नव्हते. त्यांच्यासाठी धर्मांतर म्हणजे माणूस म्हणून उभे राहणे होते. आणखी एक फरक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लोक आले ते बायकामुलांसह आले. पांढरी लुगडी नेसून, पोर कडेवर घेऊन आलेल्या बायांनी आपल्या तोंडाने प्रतिज्ञा म्हटल्या. टिळकांच्या घरात जी चूक झाली ती त्या मैदानावर झाली नाही. पण ती आपल्या खोलीत होऊ शकते. नवरा पुस्तके वाचतो आणि बायकोला वंदना फक्त पाठ करायला लावतो, तेव्हा तीच चूक पुन्हा होते. म्हातारीच्या पेटीतला टाक रागाने फेकून दिला तर तो तिच्या मनातून जात नाही. तिच्याजवळ बसा, तिला सांगा, तिचे ऐका, तिला वेळ द्या. पाच वर्षे लागली तरी द्या. लक्ष्मीबाईंना कोणी ओढून नेले असते तर त्या आल्या असत्या, पण बदलल्या नसत्या.

वेळ द्यायचा म्हणजे सबब सांगत राहायचे असे नाही. शेवटी लक्ष्मीबाईंनी हात पुढे केला आणि पाणी घेतले. तसा हात पुढे करण्याचा प्रसंग आपल्याही घरी येतो. दुसऱ्या पोटजातीतल्या, किंवा मांग, चांभार, ढोर घरातून धम्मात आलेल्या मुलाचे स्थळ आपल्या मुलीसाठी सांगून येते, तोच तो प्रसंग. त्या दिवशी तुम्ही काय उत्तर देता, त्यावरून तुमचे घर बदलले की नाही हे कळेल.

कल्याणच्या शाळेतून निघालेल्या त्या मुलाने धर्म एका दिवसात घेतला आणि तो जगायला उरलेली चोवीस वर्षे वेचली. आज घरी गेल्यावर आपल्या घरातल्या माणसांना एवढेच विचारा की आपण दीक्षा घेतली तेव्हा तुला काय वाटले होते, आणि आता काय वाटते? उत्तर काहीही आले तरी रागावू नका. तेथून बोलायला सुरुवात करा.